पाहुण्याचा डबा माझ्या गळ्यात

मी एक म्हातारा कुत्रा आहे, मित्रांनो, आणि खोटं कशाला बोलू, माणसांत ज्याला जळकुकडा म्हणतात ना, कुत्र्यांत तो मी. माझं नाव भुऱ्या. मारेगावला नाल्याच्या अलीकडच्या वस्तीत, देवराव आणि सत्यभामाबाईच्या घरी माझी सारी हयात गेली. आता मागच्या पायांत जोर उरला नाही, डाव्या डोळ्याला नीट दिसत नाही, तरी एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. ती एका बैलाची आहे. त्याची गोष्ट मी सांगावी हे माझ्या अगदी जिवावर येतं. पण तो होता तेव्हाही बोलायचा नाही, आणि आता तर तो नाहीच.

माझा जन्म कुठला ते मला ठाऊक नाही. छप्पन्न सालच्या दसऱ्याला देवराव आणि सत्यभामाबाई नागपूरला दीक्षा घ्यायला गेले होते. परत येताना रस्त्याच्या कडेला मी कुईकुई करत पडलो होतो, डोळेही पुरते उघडले नव्हते. सत्यभामाबाईंनी नव्या कोऱ्या पांढऱ्या लुगड्याच्या पदरात मला उचललं. देवराव म्हणाले, "अवो, लुगडं खराब होईन." त्या म्हणाल्या, "होऊ द्या. धुतलं का निघते." त्या पदराचा वास मला अजून आठवतो.

त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. त्यामुळे जे काही लाड होते ते सगळे माझ्या वाट्याला आले. सत्यभामाबाई चुलीवरून पहिली भाकर उतरवायच्या, फुंकर घालायच्या आणि पहिला तुकडा मला द्यायच्या. देवरावांना दुसरा. कोणी हसलं तर म्हणायच्या, "पहिला घास माह्या लेकाचा." मी वाकळीवर झोपायचो, तीही त्यांच्या पायथ्याशी. सांगा, अशा कुत्र्याने स्वतःला राजा समजू नये तर काय समजावं? तीन वर्षं माझं राज्य चाललं.

आता तुम्हांला एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. पूर्वी ह्या वस्तीतल्या माणसांना गावाची मेलेली ढोरं ओढून न्यावी लागायची. कोणाचाही बैल मेला की निरोप यायचा, आणि जावं लागायचं. त्याबदल्यात काय, तर संध्याकाळी घरोघरी दारात उभं राहून शिळी भाकर मागायची. दीक्षा घेऊन आल्यावर सगळ्या वस्तीने दोन्ही सोडलं. मेलेलं ढोर ओढायचं नाही आणि कोणाच्या दारात हात पसरायचा नाही. देवराव मजुरीला जायचे, कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, भरायचे, एखाद्या दिवशी उपाशीही झोपायचे, पण त्यांनी शब्द मोडला नाही.

एकोणसाठ सालचा कापसाचा हंगाम होता. पंजाबराव नावाचे एक मोठे शेतकरी होते. त्यांची बंडी वणीकडे निघाली होती, एवढी भरलेली की मागून बैल दिसत नव्हते. आमच्या वस्तीपाशी उजवीकडचा बैल बसला. त्याला मारलं, शेपूट पिरगाळली, पण तो काही उठला नाही. शेवटी दुसरा बैल आणून जुंपला आणि बंडी पुढे गेली. पडलेला तिथंच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंजाबरावांचा गडी धावजी आमच्या अंगणात आला. अंगणात चार माणसं बसली होती. धावजीने खाली पाहतच सांगितलं, "देवराव, मालकानं सांगतलं का तो बैल मेला. ओढून न्या म्हनते."

देवराव बिडी ओढत होते, ती त्यांनी विझवली. "धावजी, तीन वर्सं झाले. मालकाले मालूम नाई का?"

"मालूम हाये ना. मी का करू भाऊ, मले धाडलं तं आलो."

"मंग जाऊन सांग. आमी नाई ओढत."

धावजी निघाला. मी त्याच्या मागे गेलो, कारण कुठे काय पडलं आहे ते पाहायची मला खोड. बैल रस्त्याच्या कडेला आडवा होता. अंगावर माश्या, डोळे मिटलेले. मी त्याच्या नाकाशी नाक नेलं आणि त्या नाकातून गरम हवा आली. तो जिवंत होता!

मित्रांनो, त्या वेळी मी गप्प बसलो असतो तर पुढचं काहीच झालं नसतं. माझी वाकळ, माझा तुकडा, माझं सगळं माझ्याकडेच राहिलं असतं. पण कुत्र्याची जात, तोंड कुठे आवरतं? मी भुंकलो. असा भुंकलो की देवराव धावत आले. त्यांनी बैलाच्या छातीवर हात ठेवला आणि वस्तीकडे तोंड करून ओरडले, "या रे! जिता हाये!"

एक जण म्हणाला, "देवराव, आपन हात लावाचा नाई म्हनलं व्हतं ना?"

"मेल्याले लावाचा नाई म्हनलं व्हतं," देवराव म्हणाले. "जित्याले उचलाचं नाई अशी कोनं शपथ घेतली?"

आठ माणसांनी पोटाखालून दोन बांबू घालून त्याला उभं केलं आणि चालवत, थांबवत, आमच्या अंगणात आणलं. पंजाबरावांना विचारलं तर ते म्हणाले, ठेवा, माझ्या काय कामाचा. सत्यभामाबाईंनी त्याच्यापुढे पाण्याची बादली ठेवली. मला वाटलं, चला, चार दिवसांचा पाहुणा. त्याही तेच म्हणाल्या, "चार दिवसाचा पाहुना हाये." आणि त्याचं नाव पाहुणा पडलं. चार दिवसांचा पाहुणा सहा वर्षं राहिला, आता बोला!

गावात मोहिउद्दीन नावाचे नालबंद होते. बैलांच्या खुरांना नाल ठोकण्याचं काम त्यांच्या घरात तीन पिढ्यांचं. त्यांनी पाहुण्याचा पाय मांडीवर घेतला, सुरीने खूर कोरला आणि आतून एक खिळा बाहेर काढला. त्याबरोबर केवढा तरी पू वाहिला. मोहिउद्दीन तो खिळा हातात घेऊन पाहतच बसले.

"हा खिया माहाच हाये, देवराव," ते म्हणाले. "दिवायीच्या आंधी मीच नाल ठोकला व्हता. लाईन लय लंबी लागली व्हती, मी घाई केली. खिया जित्या मासात गेला. याले मी पाडलं."

देवराव म्हणाले, "तुमी पाडलं, अन् त्यायनं तसाच जुंपला."

"त्यायचं त्यायले. माहं मले." मोहिउद्दीननी कडुनिंबाच्या पाण्याने जखम धुतली आणि पैशाला हात लावला नाही. वणीहून ढोरांचे डॉक्टर आले तेव्हा त्यांनी सांगितलं, पाय कामाचा राहणार नाही, पण औषध आणि खाणं मिळालं तर जीव वाचेल.

आणि तिथून माझं नशीब फिरलं. सकाळी उठल्याबरोबर सत्यभामाबाई पाहुण्याकडे. दुपारी पाहुण्याकडे. भाकर उतरली की पहिला तुकडा, तुम्ही ओळखलंच असेल, पाहुण्याला! मी चुलीशी बसून जीभ बाहेर काढून वाट पाहतोय, आणि ह्या माझ्या अंगावरून ओलांडून चालल्या. "सरक रे भुऱ्या, तो बीमार हाये." मीही मग लंगडून पाहिलं. अंगणभर तीन पायांवर फिरलो. देवराव हसून म्हणाले, "पाह्य वो, तुह्या लेकाचं सोंग." सोंग म्हणे!

पण लाड केल्याने बैलाचं पोट भरत नाही. त्याला कडबा लागायचा, ढेप म्हणजे सरकीची पेंड लागायची, औषध लागायचं. देवरावांच्या मजुरीत दोन माणसांचं आणि एका कुत्र्याचं जेमतेम भागायचं. मोहिउद्दीन म्हणाले, गावात चार लोकांना सांगू, वर्गणी काढू. देवरावांनी मान हलवली. "मोहिउद्दीनभाई, दारात उभं राहाचं सुटलं ते सुटलं. बैलासाठी असो का माह्यासाठी, मी मांगत नाई."

मोहिउद्दीननी डोकं खाजवलं. मग त्यांची नजर माझ्यावर पडली. "शपथ तू घेतली ना?"

"व्हय."

"मंग भुऱ्यानं कुठी घेतली?"

देवरावांना हसू आलं, पण ते लगेच हो म्हणाले नाहीत. दोन दिवस विचार केला आणि अटी घातल्या. कुत्रा कोणाच्या दारात जाणार नाही. तो मोहिउद्दीनच्या दुकानापुढे बाजाराच्या दिवशी बसेल. कोणी तोंडाने काही मागणार नाही. ज्याने बैलाच्या कष्टाचं खाल्लं आहे त्याला वाटलं तर तो टाकेल. मला कोणी विचारलंच नाही. मोहिउद्दीननी तंबाखूच्या डब्याला सुरीने चीर पाडली, त्यावर डांबराने खुराचं चित्र काढलं आणि दोरीने डबा माझ्या गळ्यात बांधला. ज्याच्यामुळे माझा तुकडा गेला त्याच्यासाठी मीच पैसे गोळा करायचे! आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा.

बाजाराच्या दिवशी दुकानापुढे बंड्यांची रांग लागायची. मोहिउद्दीन नाल ठोकत ठोकत पाहुण्याची हकिगत सांगायचे. स्वतःच्या खिळ्याची गोष्ट ते कधी गाळायचे नाहीत. ऐकणारा आपल्या बैलाच्या पायाकडे पाहायचा आणि मग खिशात हात घालायचा. पैसा डब्यात पडला की टण्णकन आवाज व्हायचा आणि मी दचकून मान खाली घालायचो. माणसांना वाटायचं मी नमस्कार करतोय. कोणी म्हणायचं, "पाह्य, रामराम करते!" कोणी म्हणायचं, "सलाम करून राह्यला." आमच्या वस्तीतला असला तर म्हणायचा, "जयभीम भुऱ्या!" मी नुसता दचकत होतो, पण ते सांगायचं कोणाला?

मला आवडायचं ते, हे कबूल करतो. लोक माझ्या कानामागे खाजवायचे, पोट्टे माझ्याभोवती गोळा व्हायचे. बाजार उठेपर्यंत मी पुन्हा राजा व्हायचो. आणि घरी गेलो की? देवराव डबा सोडायचे, त्यातून ढेप यायची आणि ती ढेप कोणाच्या तोंडात जायची? पाहुण्याच्या! तो आपला डोळे मिटून रवंथ करतोय, जसं काही सगळं त्याच्या बापाचंच. असा उन्हाळा निघून गेला. पाहुणा जगला, थोडा भरला, पण पाय टेकवेना.

मग पावसाळा लागला आणि खरी गोष्ट अडली. आमच्या अंगणात त्याला नुसता पळसाच्या पानांचा आडोसा होता. खाली चिखल. खुराची जखम पुन्हा चिघळली, तिच्यात किडे पडले. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, याला कोरडी जागा द्या, वर टिना म्हणजे पत्रे, खाली मुरूम, नाहीतर हा पोळ्यानंतर महिनाभरही काढणार नाही. टिनांना पैसा लागतो. आणि पावसाळ्यात चिखलाने वाटा बंद, बंड्या सगळ्या घरी. नाल कोण ठोकून घेणार? मोहिउद्दीनचं दुकान रिकामं, माझा डबाही रिकामा.

त्या रात्री सत्यभामाबाई जेवल्या नाहीत. पहिला तुकडा पाहुण्याने खाल्ला नाही म्हणून तो तसाच त्यांच्या हातात होता. मी समोर बसलो होतो. तो मलाही दिला नाही.

पोळा जवळ आला. आमच्या मुलखात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा भरतो. पोट्टे लाकडी बैल सजवून चौकात तोरणाखाली रांगेत उभे करतात, आणि मोठी माणसं बैलाचा मान म्हणून त्यांना पैसा देतात. त्याला बोजारा म्हणतात. सत्यभामाबाई एकदम म्हणाल्या, "अजी, बोजारा काई भीक नाई. तो बैलाचा मान हाये. आपल्या घरी बैल हाये ना?"

"हाये. पन चालते कुठी?"

"त्याच्या जागी भुऱ्या जाईन."

देवराव उठून पाहुण्याच्या पाठीवरून हात फिरवून आले. मग म्हणाले, "मान असन तं घेऊ."

मित्रांनो, मला बैल केलं! डोक्याला वेळूची शिंगं बांधली, कपाळाला कागदाचं बाशिंग लावलं, पाठीवर झूल टाकली. आणि झूल कशाची, तर त्याच पांढऱ्या लुगड्याची, ज्याच्या पदरात मी आलो होतो. गळ्यात डबा. सत्यभामाबाईंनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "माहा राजा." कितीतरी महिन्यांनी म्हणाल्या. मग मला शिंगांचं काही वाटलं नाही.

चौकात लाकडी बैलांच्या रांगेत मी उभा राहिलो. आधी सगळे पोट धरून हसले. एका म्हाताऱ्याने तिथल्या तिथं जोडून झडती म्हटली, पोळ्यात म्हणतात तसलं गाणं:

"शिंगं वेळूचे, शेपूट वाकडं,
बैल म्हना याले का म्हना माकडं!"

पण हसता हसता लोक पुढे येऊ लागले. पाहुण्याची हकिगत गावभर झालीच होती. टण्ण, टण्ण, टण्ण. माझी मान खालीवर होऊन दुखायला लागली. पंजाबरावही आले होते. ते लांबून पाहत राहिले आणि निघून गेले. शेवटी सजावटीचे नंबर काढले. पंचाने हात वर केला आणि ओरडला, "पैला नंबर, देवरावचा बैल!"

टाळ्या पडल्या. लोक म्हणाले, "काय नशीबवान बैल हाये बाप्पा! लंगडा असून पैला आला." "पाहुन्याचा जय हो!" सत्यभामाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "माहा पाहुना वाचला."

भुऱ्या हे नाव कोणाच्याही तोंडातून निघालं नाही. शिंगं माझ्या डोक्यावर, डबा माझ्या गळ्यात, मान माझी दुखतेय, आणि जय कोणाचा? जो घरी बसून रवंथ करतोय त्याचा. मला काय झालं ते सांगता येत नाही. मी गर्दीतून सुटलो आणि पळत सुटलो. नाल्याच्या काठावर आलो, दोरी दगडावर घासून घासून तोडली, खड्डा खणला आणि डबा पुरून टाकला. वर माती लोटली. आता खा म्हटलं ढेप!

अंधार पडायच्या आत घरी आलो. शिंग एक गळालं होतं, झूल चिखलात माखली होती, गळा मोकळा. सगळे मला शोधून नुकतेच परतले होते. देवरावांनी माझा गळा पाहिला आणि कपाळाला हात लावला. कोणी तरी म्हणालं, चोरला कोणी तरी. मी कान पाडून उभा राहिलो. आता काठी बसणार, मला वाटलं. बसली असती तर बरं झालं असतं.

सत्यभामाबाई धावत आल्या आणि त्यांनी माझा गळा दोन्ही हातांनी चाचपला. "डबा गेला तं जाऊ दे रे. तुले कोनं मारलं तं नाई? दुखलं का माह्या लेकाले?" मग त्या चुलीशी गेल्या, भाकर उतरवली, फुंकर घातली आणि पहिला तुकडा माझ्यापुढे ठेवला.

ज्याच्यासाठी मी वर्षभर जळलो तो तुकडा समोर होता आणि मला खाववेना. मी उठून आडोशाला गेलो. पाऊस सुरू झाला होता. पाहुणा चिखलात तीन पायांवर उभा होता, चौथा वर धरलेला, अंग कापत होतं. मी जवळ गेलो तसा तो कण्हत एक पाऊल बाजूला सरकला. आडोशाखाली कोरडी जागा होती ती एवढीशीच. ती त्याने मला दिली. आणि मान वाकवून, दोरीने जिथं माझा गळा सोलला होता तिथं त्याने जीभ फिरवली. लाज वाटली मला. फार लाज वाटली.

मी तसाच नाल्याकडे पळालो. नाला फुगला होता, काठाची माती ढासळून पाण्यात चालली होती. माझी जागा कोणती ते ओळखू येईना. वासही वाहून गेला होता. इथं उकर, तिथं उकर, पंजे सोलले. एकदा काठासकट मी पाण्यात गेलो आणि एका बाभळीच्या मुळाला अडकलो म्हणून वाचलो. उजाडलं तेव्हा नखाला पत्रा लागला. तो डबा तोंडात धरून घरी येईपर्यंत माझा जबडा आखडला होता.

देवराव अंगणात तोंड धूत होते. त्यांनी डबा पाहिला, माझं चिखलाने भरलेलं नाक पाहिलं, माझे पंजे पाहिले. सत्यभामाबाईंना हाक मारली. "अवो, चोर सापडला."

त्या बाहेर आल्या. मला वाटलं, आता खरं कळल्यावर तरी मारतील. देवरावच म्हणाले, "याले राग आला व्हता. बैलापायी आपन याले विसरलो. आपलंच चुकलं." सत्यभामाबाईंनी मला उचलून मांडीवर घेतलं, मी केवढा मोठा घोडा झालो होतो तरी. त्या रडत होत्या आणि मला बडवतही होत्या, म्हणत होत्या, "मुडद्या, सांगाचं नाई का!" आता मी कसं सांगणार?

चार दिवसांत टिना आल्या, वस्तीतल्या माणसांनी मुरूम टाकला आणि पाहुणा कोरड्यात बसला. पाय टेकायला त्याला दिवाळी उजाडली, लंगडा तो कायमचा राहिला, पण राहिला. त्या दिवसापासून पहिल्या तुकड्याचे दोन भाग होऊ लागले. मी माझा भाग खायचो आणि त्याच्या भागावर डोळा ठेवायचो. स्वभावाला औषध नाही.

पुढे त्या टिनांखाली आणखी कोणी कोणी आलं. पाठ सोललेलं एक गाढव आलं, कोल्ह्याने धरलेली शेळी आली, शिंग मोडलेली गाय आली. फुलसावंगीकडचा एक माणूस तर आंधळं वासरू खांद्यावर घेऊन आला. लोक त्याला लंगड्यांचा गोठा म्हणायचे. दर बाजाराला मी डबा घेऊन बसायचो आणि दर नव्या पाहुण्यावर आठ दिवस गुरगुरायचो. मग पाहुणा माझ्याकडे पाहायचा आणि मी गप्प व्हायचो.

पासष्ट सालच्या उन्हाळ्यात एका सकाळी पाहुणा उठला नाही. मी त्याच्या नाकाशी नाक नेलं. ह्या वेळी गरम हवा आली नाही. मी भुंकलोही नाही. तिथंच बसून राहिलो. सत्यभामाबाई आल्या आणि माझ्याकडे पाहूनच त्यांना कळलं.

गावात बातमी गेली. आणि गावातली माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली, कारण सगळ्यांच्या मनात एकच होतं. देवराव मेलेलं ढोर ओढत नाहीत. मग आता काय करतील?

देवराव कुदळ घेऊन आले आणि त्यांनी गोठ्याला लागूनच, पाहुण्याच्या पाठीशी खणायला सुरुवात केली. मोहिउद्दीन फावडं घेऊन आले. वस्तीतले आले. मग कुंपणाबाहेरचेही एकेक आत आले. सगळ्यांत शेवटी पंजाबराव आले. टोपी काढून उभे राहिले आणि खाली पाहत म्हणाले, "देवराव, माहा बैल व्हता. मी तवा मेला म्हनून सोडून गेलतो. दोरीले हात लावू का? ओढाले लागन ना."

देवरावांनी घाम पुसला. "ओढाचा नाई, पंजाबराव. हा पाहुना हाये. पाहुन्याले ओढत नाई, पोचवतात. इकून खांदा द्या."

आणि पंजाबरावांनी खांदा दिला, मित्रांनो. सहा वर्षांपूर्वी आठ माणसांनी त्याला दोन बांबूंवर उभं करून आणलं होतं. ह्या वेळीही बांबू तेच होते, माणसं मोजता येत नव्हती. सत्यभामाबाईंनी भाकरीचा तुकडा त्याच्या तोंडाशी ठेवला. पूर्ण तुकडा. तो सगळाच त्याला दिला, आणि मला काही म्हणजे काही वाटलं नाही.

आता मी त्याच्या जागेवर असतो, टिनांखाली, कोरड्या मुरमावर. मला चालवत नाही. गेल्या वर्षी सत्यभामाबाईंनी बाजारातून एक काळी लहानशी कुत्री आणली, तिचं नाव मैना. डबा आता तिच्या गळ्यात असतो. ती बाजारात बसते, मान खाली घालते, लोक तिचं कौतुक करतात. आणि त्या पैशातून माझ्यासाठी दूध येतं, पायाला चोळायला तेल येतं. भाकर उतरली की सत्यभामाबाई आधी माझ्याकडे येतात. "सरक वो मैने, तो म्हातारा हाये." मैना तेव्हा माझ्याकडे कशी पाहते ते मी काय सांगू? ती नजर मला ओळखीची आहे.

मित्रांनो, मुक्या जनावराला दुखलं तर त्याची सेवा करा, हे तुम्हांला कोणीही सांगेल. मी एवढंच सांगतो, की एकाची सेवा करताना दुसऱ्याच्या डोक्यावरूनही एकदा हात फिरवा. त्याला फार लागत नाही. "माहा राजा" एवढं म्हटलं तरी चालतं.

माझ्या तुकड्यातला अर्धा मी मैनेसाठी ठेवतो. ती अजून खात नाही, फुगून बसते. काल बाजारातून ती उशिरा आली आणि तिच्या गळ्यात डबा नव्हता. सत्यभामाबाई घाबऱ्या होऊन दारोदार शोधत फिरल्या. मैनेने तो समोरच्या चिंचेखाली पुरला होता. मला इथूनच दिसलं, उजव्या डोळ्याने. मी मात्र भुंकलो नाही. रात्री ती आली, माझ्या बाजूला उभी राहिली आणि मी जरा सरकून तिला कोरड्यात जागा दिली. बघू, सकाळपर्यंत आणते का ते. मला वाटतं, आणेल.